चित्रकथेतील पात्रे आणि पडद्यावरील वर्णांतर

चित्रकथेवर आधारित चित्रपटात पात्राचा वर्ण बदलला की मूळ कृतीवरील निष्ठेचा प्रश्न उपस्थित केला जातो. परंतु सर्व वर्णांतरे एकाच मापाने मोजणे समीक्षेच्या दृष्टीने अपुरे ठरते. १९६७ साली अवतरलेला किंगपिन हा गौरवर्णीय गुन्हेगार-सम्राट. ‘डेअरडेव्हिल’ (२००३) या चित्रपटात ही भूमिका मायकेल क्लार्क डंकन या कृष्णवर्णीय अभिनेत्याने साकारली. किंगपिनचे सामर्थ्य त्याच्या प्रचंड देहात व सत्तालालसेत आहे, वर्णात नव्हे. त्यामुळे पात्र अबाधित राहते. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) मध्ये मात्र १९६३ च्या चित्रकथेतील ‘एन्शंट वन’ या तिबेटी गुरूची भूमिका टिल्डा स्विंटन या गौरवर्णीय अभिनेत्रीकडे गेली. गूढ पौर्वात्य गुरूचा साचा टाळणे हा दिग्दर्शक स्कॉट डेरिकसन यांचा हेतू होता. तथापि विद्येचे पीठ काठमांडूतच राहते, केवळ तिचा सर्वोच्च अधिकार पाश्चात्त्य व्यक्तीकडे जातो. साचा मोडण्याऐवजी तिबेटी गुरूच वगळला गेला. अतएव वर्ण बदलला काय, यापेक्षा त्या बदलाने कोणाचे स्थान गेले, हा प्रश्न अधिक मूलगामी होय.