पुढे नेणं की पुन्हा करणं? 'द लॉस्ट वर्ल्ड': कादंबरी आणि सिनेमा

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असतं: "एमएस्सीला जो प्रोजेक्ट केला, तोच पुढे न्यायचाय." मीही हेच म्हटलं होतं. पहिल्या प्रगती-सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे पुढे नेणं आहे की पुन्हा करणं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात घाटकोपर-अंधेरी मेट्रोत उभ्याउभ्या मी मायकल क्रायटनची 'द लॉस्ट वर्ल्ड' दुसऱ्यांदा वाचत होते, आणि मॅडमचा प्रश्न दर दहा पानांनी आठवत होता.

म्हणून आज ही कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा. दोन्हींचा शेवट इथे उघड होणार आहे. वाचायचं-बघायचं राहिलं असेल तर आधी ते उरका, मग या.

आधी क्रम लक्षात घ्या. 'जुरासिक पार्क' कादंबरी १९९० ची, स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा १९९३ चा. सिनेमा प्रचंड चालला. मग १९९५ मध्ये क्रायटनने पुढची कादंबरी लिहिली आणि १९९७ मध्ये तिच्यावर सिनेमा आला, दिग्दर्शक पुन्हा स्पीलबर्ग. म्हणजे या कादंबरीच्या एका बाजूला गाजलेला सिनेमा आहे आणि दुसऱ्या बाजूला यायचा असलेला सिनेमा. ती या दोघांमध्ये चेपली गेली आहे.

पुरावा पहिल्याच प्रकरणांत मिळतो. पहिल्या कादंबरीच्या शेवटी गणितज्ञ इयन माल्कम मेलेला आहे, त्याचं दफन करायला परवानगी मिळत नाही इथपर्यंत. सिनेमात मात्र तो जगला आणि लोकांचा लाडका झाला. दुसऱ्या कादंबरीत माल्कम काठी टेकत व्याख्यान देताना दिसतो. मेल्याची बातमी चुकीची होती, डॉक्टरांनी वाचवला, असं दोन-चार वाक्यांत सांगून लेखक मोकळा! उद्यानाचा मालक हॅमंड मात्र मेलेलाच राहतो. आपल्याच आधीच्या निष्कर्षांपैकी एक सोयीसाठी फिरवला आणि दुसरा तसाच ठेवला. पेपरमध्ये असं केलं तर रिव्ह्यूअर सोडेल का?

पुढची मांडणीही ओळखीची आहे. पुन्हा एक बेट, पुन्हा दोन मुलं, पुन्हा चोरी करू पाहणारी प्रतिस्पर्धी कंपनी, पुन्हा टी-रेक्स आणि गाडी, पुन्हा जखमी माल्कम मॉर्फिनच्या अमलाखाली भाषण देतोय. पात्रं संकटात सापडतात, सुटतात, की लगेच कोणीतरी तीन पानं समजावून सांगतं. पहिल्या कादंबरीतही भाषणं होतीच, पण तिथे ती खरी होताना दिसत होती. माल्कम म्हणायचा की ही व्यवस्था कोसळणार, आणि ती पानागणिक कोसळत जायची. इथे भाषण एकीकडे आणि पळापळ दुसरीकडे.

एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. वाईट पुस्तकं ढिगाने असतात. मला त्रास याचा झाला की या कादंबरीकडे खरोखर नवा प्रश्न होता.

पहिल्या कादंबरीचा प्रश्न होता, गुंतागुंतीची व्यवस्था ताब्यात ठेवता येते का? दुसरीचा वेगळा आहे. नामशेष झालेले प्राणी जिवंत पाहायला मिळाले, तर ते नामशेष का झाले हे कळेल का? माल्कमचं म्हणणं असं की उल्का, हवामान अशी बाहेरची कारणं पुरेशी नाहीत, प्राण्यांच्या वर्तनात काय बिघडलं तेही पाहायला हवं. पटो न पटो, प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे तर तो दाराशीच उभा आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल पाहिली असेलच, गावदेवीचं मंदिर डोक्यावर घेतलेला सुमारे २०० फूट उंच काळा खडक. तो दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले तोही हाच काळ, आणि त्या ज्वालामुखींचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहे.

या प्रश्नाला धरून कादंबरीत तीन सुरेख गोष्टी येतात.

पहिली, रॅप्टर. टी-रेक्सची जोडी पिल्लांना सांभाळते, भरवते. रॅप्टरच्या घरट्यांमध्ये मात्र अंडी तुडवलेली, पिल्लं उपाशी. कारण प्रयोगशाळेत जन्मलेल्या पहिल्या पिढीला वाढवणारं मोठं कोणी नव्हतं. डीएनएतून शरीर परत आणता येतं, शिकवून पुढे जाणारं वागणं आणता येत नाही.

दुसरी, प्रायॉन. बेटावर शिकाऱ्यांची संख्या हिशेबात न बसण्याइतकी जास्त आहे. का, ते शेवटी कळतं. कंपनीने पिल्लांना मेंढीच्या मांसापासून केलेलं खाद्य दिलं, त्यातून प्रायॉनचा रोग पसरला आणि प्राणी लवकर मरू लागले. म्हणजे ज्या बेटाकडून उत्तर हवं होतं, ते बेटच दूषित नमुना आहे! तिथून नामशेष होण्याबद्दल काहीच ठरवता येणार नाही. कादंबरी १९९५ ची आहे हे ध्यानात ठेवा. 'मॅड काऊ' आणि माणसांतल्या मेंदूविकाराचा संबंध ब्रिटिश सरकारने मान्य केला मार्च १९९६ मध्ये, आणि प्रायॉनवरच्या कामासाठी स्टॅनली प्रुसिनर यांना नोबेल मिळालं १९९७ मध्ये.

तिसरी, माझी आवडती. पहिल्या गोष्टीत स्थिर उभं राहिलं तर टी-रेक्सला माणूस दिसत नाही असं होतं. इथे बॅझल्टन नावाचा प्रसिद्ध प्राध्यापक त्याच सिद्धांतावर भरवसा ठेवून स्तब्ध उभा राहतो, आणि टी-रेक्स त्याला खातो. लेखकाने स्वतःच्या जुन्या कल्पनेचं शुद्धिपत्रच काढलंय. पुढे नेणं म्हणतात ते हे.

मग कादंबरी फसली कुठे? या गोष्टी जिथे असायला हव्या होत्या तिथे त्या नाहीत. प्रायॉनचा उलगडा सगळं संपल्यावर, सुटकेच्या बोटीवरच्या गप्पांमध्ये येतो. नमुना दूषित आहे हे मध्यावर कळलं असतं, तर पात्रांना काहीतरी ठरवावं लागलं असतं: थांबायचं की निघायचं, इथली कुठली नोंद खरी मानायची? आता तो फक्त खुलासा आहे. निष्कर्ष पुरवणीत टाकलेल्या प्रबंधासारखं झालंय.

आता सिनेमा. पटकथाकार डेव्हिड केप यांनी कादंबरीतलं फार थोडं ठेवलं. प्रायॉन गेला, रॅप्टरची उद्ध्वस्त घरटी गेली, बॅझल्टन गेला. हॅमंड जिवंत झाला. त्यांच्या जागी शिकारी आले आणि शेवटी सॅन दिएगो शहरात मोकाट टी-रेक्स. हा शेवट आहे १९२५ च्या सिनेमाचा! आर्थर कॉनन डॉयल यांच्या १९१२ च्या 'द लॉस्ट वर्ल्ड'वरच्या त्या मूकपटात ब्रॉन्टोसॉरस लंडनमध्ये सुटतो. शिवाय सुरुवातीला मुलीवर होणारा छोट्या डायनासोरांचा हल्ला आणि धबधब्यामागे लपण्याचा प्रसंग, दोन्हींचं मूळ पहिल्या कादंबरीत आहे. म्हणजे दुसऱ्या कादंबरीवरच्या सिनेमालाही दुसरी कादंबरी पुरली नाही.

पण एका प्रसंगात सिनेमा कादंबरीच्या पुढे जातो. जखमी पिल्लाला उपचारासाठी ट्रेलरमध्ये आणलं जातं, आई-बाप शोधत येतात आणि ट्रेलर कड्यावरून ढकलतात. हे दोन्हीकडे आहे. कादंबरीत एडी पुढे वेगळ्या ठिकाणी रॅप्टरच्या तावडीत सापडतो. सिनेमात तो इथेच, ट्रेलरमधल्यांना वाचवताना मरतो. पिल्लू आणलं दुसऱ्यांनी, किंमत मोजली त्याने. भाषण एकही नाही, तरी चांगल्या हेतूने केलेल्या हस्तक्षेपाचं काय होतं ते कळतं. साराच्या अंगाखालच्या काचेला हळूहळू तडे जातात तेव्हा आजही माझे हात घट्ट मिटतात.

आणि एका जागी सिनेमाने फार गमावलं. कादंबरीतली केली ही शाळकरी मुलगी सारा हार्डिंग या संशोधिकेला आदर्श मानते, आणि शेवटी डोकं चालवून सुटकेची वाट तीच शोधते. सिनेमात ती माल्कमची मुलगी होते आणि जिम्नॅस्टिक्सच्या झोक्याने रॅप्टरला लाथ मारते. थिएटरात शिट्ट्या पडल्या असतील. पण विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलीच्या हातून तिची गोष्ट काढून घेतली गेली. मला ते अजून खुपतं.

मग कोण सरस? बघायला सिनेमा. विचार करायला मात्र फसलेली कादंबरी. सिनेमाने प्रश्नच टाकून दिला, त्यामुळे तो चुकूही शकत नाही. कादंबरीने प्रश्न धरला, पण जुन्या यशाची चौकट सोडायचं धाडस केलं नाही.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, तुलना म्हणजे फरकांची यादी नव्हे. 'कादंबरीत आहे, सिनेमात नाही' असा तक्ता कोणीही करेल. प्रत्येक फरकाने काय बदललं ते लिहा. एडीच्या मरणाची जागा बदलली हा फरक झाला, आणि त्यामुळे चुकीची किंमत कोणाला पडली हे बदललं, ही झाली तुलना. लिटरेचर रिव्ह्यूलाही हेच लागू आहे.

दोन, तुमच्या सिनॉप्सिसमधली जुनी पद्धत, जुना नमुना, जुनी उपकरणं एका कागदावर लिहा. शेजारी लिहा की यांतलं काय मोडलं तर नवा प्रश्न उभा राहतो. दुसरा रकाना कोरा राहिला तर घाबरू नका, माझाही राहिला होता. मी जुन्या कामातला एक निष्कर्ष पुन्हा तपासायला घेतला, आणि तो सगळीकडे टिकत नाही असं दिसलं. तेच आता माझं पहिलं प्रकरण आहे.

पुढच्या सादरीकरणात त्याच मॅडम समोर होत्या. या वेळी त्यांनी विचारलं, "मग आधीचं चुकलं होतं का?"

म्हटलं, "हो मॅडम, थोडं."