रामा शेट्टी आणि महाराणी
खलनायक म्हटला कीं आरडाओरड आलीच, ही समजूत आपल्या चित्रपटांत फार दिवस मुरलेली होती. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ने १९८३ सालीं तिला तडा दिला. त्यांतील रामा शेट्टी सहसा आवाज चढवीत नाहीं. कायदा आपल्या खिशांत आहे याची त्याला इतकी खात्री आहे कीं, संतापण्याचें कारणच त्यास उरत नाहीं. ही भूमिका करणारे सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) नगरचे.

हा संयम आला कोठून? आमच्या मतें रंगभूमीवरून. ‘हँड्स अप’ या मराठी नाटकांतील त्यांचें काम पाहूनच निहलानींनीं त्यांना निवडलें. प्रेक्षकांची शांतता ज्यानें रोज समोरासमोर अनुभवली, त्याला विरामाचें मोल निराळें शिकवावें लागत नाहीं.

‘सडक’ (१९९१) मधील महाराणी ही याच्या अगदीं उलट प्रकृतीची, उग्र व भडक भूमिका. ‘अर्धसत्य’प्रमाणें तिलाहि फिल्मफेअर पारितोषिक लाभलें. एकाच नटानें हीं दोन टोकें गांठावीं, ही त्याची योग्यता निर्विवाद होय. परंतु पुढें मागणी वाढली ती भडकपणाचीच; ‘आँखें’ (१९९३) सारख्या चित्रपटांनीं त्यांच्या विनोदाचा उपयोग केला, पण रामा शेट्टीच्या तोडीचें मौन त्यांच्या वांट्यास क्वचितच आलें. हा दोष नटाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. ज्यांच्या टाळ्यांवर तीं चित्रें चाललीं, त्या आपण रसिकांनीं त्यांतील आपला वांटा ओळखावा.