ऑटोकॅडमध्ये परभाषेतील स्क्रिप्ट लोड करण्याची सोय : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकाच्या साहाय्याने आरेखन करणाऱ्या प्रणालींची थोरवी सांगताना त्यांत किती प्रोग्रॅमिंग भाषा चालतात याची यादी हमखास दिली जाते. यादी जितकी लांब तितकी प्रणाली खुली, असा समज त्यामागे असतो. प्रस्तुत लेखात ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅड या प्रणालीच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे. बाहेर लिहिलेली स्क्रिप्ट आत घेणे ही केवळ तांत्रिक सोय नाही. आरेखकाच्या श्रमावर आणि आरेखनावर अखेर ताबा कोणाचा, हा प्रश्न तीत दडलेला आहे. म्हणून या सोयीचे मूल्यमापन भाषांच्या संख्येवरून न करता तीन कसोट्यांवर करणे इष्ट ठरते : स्क्रिप्ट वाचता येते काय, ती टिकते काय आणि लोड होताना वापरणाऱ्याची संमती खरोखर घेतली जाते काय.

वाचनीयतेची कसोटी

ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले. १९८६ मध्ये त्यात ऑटोलिस्प ही भाषा दाखल झाली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभ केलेल्या लिस्पच्या परंपरेतील ही भाषा डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पवर आधारलेली होती. साध्या मजकुराची फाइल लिहावी, 'ॲपलोड' या आज्ञेने ती आत घ्यावी आणि रेषा किंवा वर्तुळ काढण्याच्या आज्ञेइतक्याच सहजतेने आपली स्वतःची आज्ञा वापरावी, असे तिचे स्वरूप आहे. इमारतीच्या नकाशातील खांबांना क्रमांक देणे, जलवाहिनीच्या सर्व रेषांच्या लांबीची बेरीज करणे, अशी कंटाळवाणी कामे आरेखकांनी या मार्गाने हलकी केली. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याने उघडून वाचावी आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावी, अशी एक अनौपचारिक परंपराच त्यातून निर्माण झाली.

'नेटलोड' या आज्ञेने लोड होणाऱ्या डॉट नेट प्रोग्रॅमची जात वेगळी आहे. तो आधी संकलित करावा लागतो, त्यामुळे आत येते ती यंत्रासाठी तयार झालेली फाइल. वेग, सुबक खिडक्या आणि मोठ्या प्रकल्पांची शिस्तबद्ध मांडणी हे त्याचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु एकदा लोड झालेली अशी फाइल ऑटोकॅड बंद केल्याशिवाय बाहेर काढता येत नाही आणि सामान्य आरेखकाला ती वाचताही येत नाही. येथे लिहिणारा आणि वापरणारा हे दोन वर्ग वेगळे होतात.

टिकाऊपणाची कसोटी

१९९७ मध्ये, चौदाव्या आवृत्तीच्या काळात, व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स ही भाषा ऑटोकॅडमध्ये आली. कार्यालयीन कामांत परिचित असलेली ही भाषा अनेकांना लिस्पच्या कंसांच्या जंजाळापेक्षा सोपी वाटली. मात्र २०१० या आवृत्तीपासून ती मूळ स्थापनेतून वगळण्यात आली आणि तिचा घटक स्वतंत्रपणे उतरवून घेणे भाग पडले. २०२४ मध्ये आलेल्या २०२५ या आवृत्तीने जुनी डॉट नेट चौकट सोडून डॉट नेट ८ स्वीकारली, तेव्हा पूर्वीचे प्रोग्रॅम नव्याने संकलित करण्याची वेळ आली. मूळ संहिता हाती नसलेल्या कार्यालयासाठी याचा अर्थ आपले साधन गमावणे असा होतो.

याउलट, अनाकर्षक मानली गेलेली ऑटोलिस्प चार दशके टिकून आहे. तिच्या मर्यादा उघड आहेत. चल घोषित करण्यातील ढिलाईमुळे एका फाइलमधील नाव दुसऱ्या फाइलमध्ये गोंधळ घालते. देवनागरीसारख्या लिपीतील मजकूर हाताळण्यास आवश्यक असा युनिकोडचा आधारही तिला २०२१ या आवृत्तीत मिळाला. मराठी नावे असलेल्या नकाशांसाठी हा विलंब लहान नव्हता. शिवाय १९९३ मध्ये आलेल्या ऑटोकॅड एलटी या स्वस्त आवृत्तीस ऑटोलिस्प मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले. भाषेचे दार कोणासाठी उघडायचे हे किमतीवर ठरत होते, असाच निष्कर्ष त्यातून निघतो.

संमतीची कसोटी

लोड करण्याच्या सोयीची काळी बाजू २०१२ मध्ये स्पष्ट झाली. ईसेट या सुरक्षा कंपनीने 'मेड्रे' नावाचा किडा उघडकीस आणला. त्याचा प्रादुर्भाव प्रामुख्याने पेरू देशात होता. आरेखनाच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची लिस्प फाइल असल्यास ऑटोकॅड ती न विचारता लोड करीत असे, याचा त्याने लाभ घेतला. ही फाइल ऑटोलिस्पच्या संकलित रूपात होती, म्हणजे उघडूनही वाचता येत नव्हती. आत शिरल्यावर ती व्हीबीस्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतील फाइली निर्माण करून चालवी आणि त्यांच्याद्वारे आरेखने चीनमधील ई-मेल खात्यांकडे पाठवी. एका भाषेतून दुसरी भाषा चालविण्याची सोय येथे चोरीचे साधन झाली.

पुढे २०१४ या आवृत्तीत 'सिक्युअरलोड' ही व्यवस्था आली. विश्वासार्ह म्हणून नोंदविलेल्या स्थानाबाहेरील फाइल लोड होताना ती वापरणाऱ्यास विचारते. हे पाऊल आवश्यकच होते. तथापि ही व्यवस्था फाइल कोठे आहे हे पाहते. ती काय करते हे पाहत नाही. रोजच्या घाईत प्रश्नाची खिडकी दिसताच होकार देणाऱ्या हाताला या प्रश्नातून ज्ञान मिळत नाही, केवळ जबाबदारी मिळते. जी फाइल वाचताच येत नाही तिच्याविषयी दिलेली संमती ही नावापुरतीच संमती होय.

समारोप

आता पायथनचा प्रभाव वाढत आहे. फ्रीकॅडमध्ये ती आरंभापासून प्रणालीच्या अंगी भिनलेली आहे, तर २०२३ च्या ऱ्हायनो ८ मध्ये तिची तिसरी पिढी उपलब्ध झाली. भाषा सोपी असणे स्वागतार्ह आहे. परंतु ऑटोकॅडचा अनुभव सांगतो की भाषा आणणारी कंपनी ती काढूनही घेऊ शकते, आणि स्क्रिप्ट जितकी अपारदर्शक तितका तिचा वापरकर्ता परावलंबी. यास्तव अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमांत स्क्रिप्ट लोड कशी करावी एवढेच शिकविणे अपुरे आहे. लोड करण्यापूर्वी ती वाचण्याची आणि मूळ संहिता जतन करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अधिक महत्त्वाचे आहे. साधनाची मालकी परवान्याच्या कागदावरून ठरत नाही; ते उघडून समजून घेण्याच्या क्षमतेवरून ठरते.