महाडची ‘रायगडी’ बंदूक

महाड येथें चवदार तळ्यापासून थोड्या अंतरावर एका जुन्या घरीं एक लष्करी बंदूक आहे. सन १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथरनें रायगड घेतला, त्या वेळीं ती गडावरून खालीं आली अशी घरची परंपरा आहे. आमच्या एका संग्राहक मित्रांच्या कानीं ही गोष्ट गेली. लिलावांतील किंमती त्यांच्या आवांक्याबाहेरच्या. तेव्हां थोडक्या पैशांत ‘गडाच्या शिबंदीची बंदूक’ पदरीं पडेल या आशेनें ती पाहण्यास त्यांनीं आम्हांस बरोबर नेलें. परंपरेचा आदर राखूनही असें म्हणणें भाग आहे कीं, ही बंदूक १८१८ सालीं अस्तित्वांतच नव्हती.

प्रमाणें बंदुकीच्या अंगावरच आहेत. ती तोड्याची नाहीं व चकमकीचीही नाहीं. घोड्याखालीं तांब्याची टोपी बसविण्याची जागा आहे. टोपीची बंदूक इंग्रजी पायदळांत १८४० च्या सुमारास रूढ झाली. यावर संग्राहकांचें एक ठराविक उत्तर असतें : मूळ बंदूक चकमकीची, मागाहून ती टोपीची करून घेतली. अशीं रूपांतरें झालीं हें खरें. परंतु कंपनीच्या पलटणींत १८१८ च्या सुमारास असलेल्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी आडव्या खिळ्यांनीं दस्त्यास जखडलेली असते. येथें ती तीन लोखंडी कड्यांनीं आवळलेली आहे. त्या बंदुकीच्या नळीचें तोंड पाऊण इंचाचें, म्हणजे सुमारें १९ मिलिमीटर. या नळीचें तोंड १७ मिलिमीटरही भरत नाहीं. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुटाची खूण आहे. कंपनीच्या मालावर हृदयाच्या आकाराची चौफाळी खूण किंवा सुमारें १८०८ नंतर उभा सिंह असतो. त्यांपैकीं येथें कांहींच नाहीं. तेलाच्या बोळ्यानें पट्टी पुसतां १८६२ हा आंकडा वाचतां आला, आणि वाद मिटला.

निदान आमच्या मतें मिटला. मित्रांनीं लगेच दुसरा पक्ष घेतला : रायगडची नसेना, पण ही प्रसिद्ध एनफील्ड रायफल तरी खास! बाह्यरूप तेंच आहे, आणि येथेंच पुष्कळ जाणते फसतात. नळींत बारीक दिवा सोडून पाहिलें, तों आंत आटे नाहींत. आटे झिजून गेले असें म्हणावें तर नळीचें मापही जुळत नाहीं : एनफील्ड रायफलीचें तोंड ०.५७७ इंच, हिचें ०.६५६. हा झिजेचा फरक नव्हे. १८५७ च्या उठावानंतर सरकारनें देशी पायदळाच्या हातीं रायफल न देतां तिच्याच घाटाची, पण आंतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. गोऱ्या शिपायाच्या गोळीइतकी देशी शिपायाची गोळी लांब व नेमकी जाऊं नये, हा त्यांतील हेतु. महाडची बंदूक या जातीची आहे.

आमच्या मित्रांचा चेहरा उतरला. त्याचें कारण आम्हांस आजतागायत उमगलें नाहीं. रायगडच्या नांवावर खपणाऱ्या बंदुका हव्या तितक्या मिळतील. परंतु राज्यकर्त्यांचा आपल्याच फौजेवरील अविश्वास बोटानें चाचपून पाहतां यावा अशी वस्तु थोडकी आहे. हें धोरण पुढेंही चाललें. देशी पलटणींस मागील पिढीचें हत्यार द्यावें, असा परिपाठच पडला. २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें गोऱ्या ६६ व्या पलटणीपाशीं मार्टिनी-हेन्री, तर तिच्या शेजारीं लढणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सपाशीं जुनी स्नायडर होती. अल्पधन संग्राहकानें ही मालिका जमवावी. गडांचीं व सरदारांचीं नांवें चिकटलेल्या वस्तूंची किंमत त्या नांवाची असते, वस्तूची नव्हे.

आतां याहून महत्त्वाची गोष्ट. त्याच घरीं एक पत्र्याची पेटी आहे. जुलै २०२१ च्या सावित्रीच्या महापुरांत पाणी घरांत शिरलें, तेव्हां मंडळींनीं बंदूक माळ्यावर नेली. पेटी खालींच राहिली. तींत घरच्या जुन्या सावकारीचे दस्तऐवज होते आणि त्यांत, बहुधा गहाणादाखल राहिलेला, एका पेन्शनर शिपायाचा कागद होता. आज त्याचा लगदा झाला असून एका तुकड्यावर नांवाचा शेवट ‘नाक’ एवढाच लागतो. पलटणीचा आंकडा गेला, गांवाचें नांव गेलें. कोरेगांवच्या जयस्तंभावर पडलेल्या ४९ जणांचीं नांवें आहेत, त्यांपैकीं २२ या ‘नाक’ शेवटाचीं आहेत. ज्यांस तो स्तंभ ठाऊक आहे त्यांस हीं दोन अक्षरें पुरेशीं बोलकीं आहेत.

कागद आणि बंदूक एकाच शिपायाचीं होतीं असें म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला. त्यास आधार नाहीं. सरकारी बंदूक शिपाई घरीं नेत नसे. परंतु अशा बंदुका ज्यांनीं खांद्यावर वाहिल्या त्यांच्या वर्गाचा हा कागद आहे, एवढें निश्चित. महाडनजीकच्या रावदळचे हवालदार गोपाळबुवा वलंगकर १८८६ त पलटणींतून निवृत्त झाले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हां १८९४ त त्यांनीं ती पुन्हा खुली व्हावी म्हणून अर्ज रचला. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचें पाणी प्याले, त्या समुदायांत पलटणींतून निवृत्त झालेले लोक होते. भरती बंद झाल्यानें झालेली हानि डॉक्टरांनीं आदल्या दिवशींच्या भाषणांत मांडली होती. त्या हानीचा लेखी पुरावा तळ्यापासून हाकेच्या अंतरावर पेटींत पडून होता. बंदुकीसाठीं मोठी रक्कम सांगणाऱ्या घरधन्यांनीं ‘ती रद्दी हवी तर न्या’ म्हणून आम्हांस फुकट देऊं केली.

खर्चाच्या दृष्टीनें दोन शब्द. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं चष्म्याच्या दुकानाच्या मिळकतीवर आपला संग्रह जमविला व १९७५ त तो सरकारच्या स्वाधीन केला; तेव्हां द्रव्य नाहीं ही सबब पुरेशी नाहीं. स्वस्ताईचें दुसरें उदाहरण नेपाळचें. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारांतील साठा २००३ त अमेरिकन व्यापाऱ्यांनीं घेतला आणि कंपनीच्या व नेपाळी बनावटीच्या बंदुका तिकडील सामान्य संग्राहकांच्या हातीं आल्या. त्यांतील कित्येकांवर देवनागरी अक्षरें व आंकडे आहेत, आणि तीं बहुतेक धन्यांस वाचतां येत नाहींत! आपल्याकडे मात्र आधीं कायदा पाहावा. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमाची सूट, दुरुस्तीनेंही बार काढण्यास असमर्थ अशा जुन्या हत्यारांपुरती आहे. महाडच्या बंदुकीचा घोडा अजून चढतो व नळी शाबूत आहे. घराकडे परवाना आहे, मित्रांकडे नव्हता. एवढ्यावरच व्यवहार थांबला, आणि थांबला हें बरें झालें.

परवाना लागत नाहीं असे संगिनींचे पट्टे, टोप्यांच्या चामडी पिशव्या व पट्ट्यांवरील पितळी बिल्ले महाड-पोलादपूरच्या घरांतून अजून निघतील. ते घेतांना कोणत्या घरीं, कोणाकडून, कोणती हकीकत सांगून मिळाले हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. हकीकत चुकीची वाटली तरी तशीच लिहावी व आपला संशय वेगळा नोंदवावा. लगद्यांतून सुटलेले तीन तुकडे आम्हीं टीपकागदांत वाळवून त्यांची नक्कल करून घेतली आहे. मूळ तुकडे घरींच ठेवविले. ते आतां बंदुकीशेजारीं माळ्यावर आहेत.