‘अभंगांजली’तील शरणागती

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) कवितेचा विचार करताना १८९५ मधील बाप्तिस्मा ही सीमारेषा मानण्याचा प्रघात आहे. चरित्रलेखनाला ती सोयीची असली, तरी ‘अभंगांजली’च्या आकलनाला अपुरी पडते. या अभंगांतील ‘मी’ तारण पावून निश्चिंत झालेला नाही. तो पुनःपुन्हा ख्रिस्ताकडे वळतो आणि त्याच्यावाचून आपले अस्तित्वच नाही असे म्हणतो. तारण एकदाच घडले असेल, तर ही याचना कशासाठी?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील रूपक येथे उपयोगी पडते. ख्रिस्त हा द्राक्षवेल आणि शिष्य हे तिचे फाटे. फाट्याला एकदाच रस मिळून भागत नाही. वेलात राहणे हेच त्याचे जगणे. क्रुसावरील कार्य पूर्ण झाले आहे. भक्ताचे त्यावरील अवलंबन मात्र कधीच पूर्ण होत नाही.

या अवलंबनासाठी टिळकांनी अभंग निवडला, ही केवळ देशीकरणाची युक्ती नव्हे. भजनात ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परतते. शरणागतीचे विधान त्यामुळे निष्कर्षाला न पोहोचता सतत नवे होत राहते. आशयाची गरज रचनाबंधातच भागते. अनेक अभंगांच्या अखेरीस येणारी ‘दास’ ही मुद्राही अर्थपूर्ण आहे. तुकोबांच्या मुद्रेत व्यक्तिनाम असते. टिळकांच्या मुद्रेत नामाची जागा नात्याने घेतली आहे. धन्यावाचून ‘दास’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

जुन्या बुधल्यात नवा द्राक्षारस भरण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप संभवतो. तो सर्वस्वी निराधार नाही. विरहाच्या अभंगांतील वारकरी आर्तता अद्याप न घडलेल्या भेटीसाठी असते. टिळकांची आर्तता लाभलेल्या भेटीत टिकून राहण्यासाठी आहे. हा भेद जेथे पुसट होतो, तेथे त्यांचा अभंग परिचित शब्दकळेची पुनरुक्ती ठरतो. जेथे तो जाणवतो, तेथे मराठी भक्तिकवितेत एक निराळी भावावस्था अवतरते: कृपा मिळाल्यानंतरची व्याकुळता.

टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना स्थान कल्पिले. विधीपेक्षा अनुसरणाला दिलेले हे महत्त्व त्यांच्या अभंगांशी सुसंगत आहे. म्हणूनच ‘अभंगांजली’चे वाचन धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. धर्मांतर ही घटना आहे; शरणागती ही रोजची कृती आहे, आणि या कवितेचा विषय ती कृती हाच आहे.