जाहिरातीतील छायाचित्र : साक्ष आणि सजावट

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट हे बाजाराचे गाव आहे. आणि ईटसारख्या कोणत्याही गावाच्या पेठेतून आज कोणी सावकाश नजर फिरवीत चालला, तर चित्रांचा जो सरंजाम त्याच्या दृष्टीस पडेल, तो त्याच्या पणजोबांना एखाद्या जहागीरदाराच्या दिवाणखान्यातही पाहावयास मिळाला नसता. कृषी सेवा केंद्राच्या दारावर शेंगांनी लगडलेले सोयाबीन, किराणा दुकानात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळांवर उजळ कांतीच्या तरुणी, चौकात शिकवणी वर्गाच्या फलकावर गुणवंतांच्या चेहऱ्यांच्या रांगा आणि त्यांच्या शेजारी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. यांपैकी प्रत्येक चित्र पाहणाऱ्याकडून पैसा, विश्वास, निदान अनुकूल मत तरी मागत असते. जाहिरातीच्या कलेची आजची अवस्था पारखावयाची असेल, तर महानगरांतील बक्षीसपात्र मोहिमांपेक्षा या पेठेकडे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. कारण ही कला ज्याच्या खिशाला हात घालते तो सामान्य ग्राहक येथे उभा आहे, आणि तिच्या गुणदोषांचे फळही तोच भोगतो.

आपल्या मुलुखात व्यापाराच्या सेवेस प्रथम रुजू झाली ती चित्रकला. मँचेस्टरच्या कापडाच्या ठाणांवर चिकटवून येणारी देवदेवतांची रंगीत तिकिटे, 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या शिळाप्रेसमधून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वती, आणि त्याच धाटणीची चित्रे छापून कंपन्यांनी वाटलेली कॅलेंडरे यांनी मराठी घरांच्या भिंती व्यापल्या. 1905 मध्ये गिरगावात बी. दत्ताराम यांची जाहिरात कंपनी उभी राहिली. 1920 मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर, चरक आणि मोटा यांची माहिती शेतकऱ्यांपर्यंत नेण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, आणि ते स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे त्या प्रचारास आरंभापासूनच रेषेची शिस्त लाभली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’ या बोलपटपूर्व काळातील चित्रपटासाठी कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी स्वहस्ते केलेले भित्तिपत्रक आजही पाहावयास मिळते. पुढे रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या कुंचल्यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे सजविली, आणि मुळगावकरांच्या फवाऱ्याच्या तंत्राने मानवी त्वचेला जी मऊ, निर्दोष झळाळी आली तिचा मोह पुढील कित्येक पिढ्यांच्या जाहिरातदारांना सुटला नाही.

या संपूर्ण युगाचा एक नैतिक विशेष होता, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून पुढील बदलाचे गांभीर्य कळणार नाही. चित्र हे चित्र आहे, कोणाच्या तरी कल्पनेची ती निर्मिती आहे, हे पाहणाऱ्यास ठाऊक असे. मुळगावकरांची नायिका पाहून तशी स्त्री प्रत्यक्ष कोठे नांदत असेल अशी कोणी अपेक्षा केली नाही, आणि म्हणून तिच्या सौंदर्याने कोणाची फसवणूकही झाली नाही. पार्लेच्या बिस्किटपुड्यावरील बालिकेविषयी ती अमक्या घरची मुलगी आहे अशा वदंता वर्षानुवर्षे उठत राहिल्या, आणि ती एका चित्रकाराची कल्पना असल्याचे कंपनीला सांगावे लागले. परंतु ती कोणीही असली तरी बिस्किटाच्या चवीविषयी तिने कोणती ग्वाही दिली नव्हती.

छायाचित्राचा मामला मुळातच निराळा होता. 1854 मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी या कलेकडे वळली, ती शास्त्रीय नोंदीचे एक साधन म्हणून. ईटचा हा मराठवाडा ज्या निजामी अंमलाखाली 1948 पर्यंत होता, त्या हैदराबादच्या दरबारात राजा दीनदयाळ यांना जो मान मिळाला, तो वास्तू, समारंभ आणि माणसे यांचा दस्तऐवज तयार करणारे म्हणून. कॅमेऱ्यापुढे जे नाही ते फोटोत येत नाही, ही समजूत अशा रीतीने समाजाच्या मनात दृढ झाली. त्या काळच्या स्टुडिओंतूनही काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसल्या जात, कृष्णधवल छबीवर हाताने रंग चढविले जात. पण ही सजावट ज्याची छबी त्याच्याच हौसेखातर होती आणि तिच्यामुळे तिऱ्हाइताचे नुकसान होत नसे. जाहिरातीने छायाचित्र आपल्या पदरी घेतले ते या समजुतीसकट. 1941 मध्ये अभिनेत्री लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्या छबीत रूपाचे आकर्षण होतेच, परंतु त्याखेरीज एका ओळखीच्या, हयात व्यक्तीची साक्षही होती. आणि ही साक्ष कुंचल्याने काढलेल्या नायिकेला कधीच देता आली नसती.

येथून पुढे ज्या कलेचा विस्तार झाला तिचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे सांगावे लागेल की, तिने चित्रकाराचे स्वातंत्र्य घेतले, साक्षीदाराची पत घेतली, आणि या दोहोंपैकी एकाचीही जबाबदारी पत्करली नाही. 1990 मध्ये फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारात आली आणि पूर्वी जे काम कसबी कारागिराला दिवसेंदिवस पुरे ते घटकाभरात होऊ लागले. या शतकाच्या आरंभी फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि हेच सामर्थ्य तालुक्याच्या गावातील एका खोलीच्या दुकानापर्यंत पोहोचले. तेथील कारागिराचे काम जवळून पाहण्यासारखे असते. गिऱ्हाइकाने मोबाइलवर धाडलेला फोटो तो पडद्यावर मोठा करतो, चेहऱ्याच्या कडेने एकेक बिंदू टाकीत मागील भिंत, दोरीवरचे कपडे, शेजारच्या माणसाचा खांदा कापून काढतो आणि याला तो ‘कटिंग’ म्हणतो; मग कातडीचा रंग दोन पायऱ्या वर उचलतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळे गालाच्या रंगाने झाकतो, तयार फायलीतील कोट त्या मस्तकाखाली बसवितो, आणि मागे फाकणारे किरण घालून श्रीलिपी या संगणकीय टंकाच्या ठसठशीत अक्षरांत नाव टाकतो. त्याच्या हाताची चपळाई वाखाणण्याजोगी असते यात संशय नाही. खेद इतकाच की, या कौशल्याच्या अंती जे फलक उभे राहतात त्यांवरील सर्व माणसे एकाच वर्णाची, एकाच वयाची आणि एकाच कोटातील दिसतात. ज्या कलेचे बळ एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे दाखविण्यात होते ती सर्वांना सारखे करण्यात खर्ची पडते.

सजावट कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही अनुपलब्ध नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1965 मध्ये दाढीच्या एका क्रीमच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीचा कज्जा आला होता. त्या जाहिरातीत सॅंडपेपरला क्रीम लावून लगेच वस्तरा फिरविताच तो गुळगुळीत होताना दाखविला होता. वस्तुतः तो सॅंडपेपर नव्हता, पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावावर वाळू चिकटविलेली होती, आणि खरा सॅंडपेपर तसा मऊ होण्यास सुमारे 80 मिनिटे भिजत ठेवावा लागला असता. न्यायालयाने जाहिरात फसवी ठरविली, पण ती ठरविताना एक सूक्ष्म विवेक केला : दिव्यांच्या उष्णतेने आइस्क्रीम वितळते म्हणून त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवला तर तेवढ्याने अपराध होत नाही, परंतु जी गोष्ट ग्राहकापुढे वस्तूच्या गुणाचा पुरावा म्हणून मांडली जाते ती बनावट असता कामा नये. पुढे काही वर्षांतच सूपच्या वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घालून भाजीचे तुकडे वर उचलून दाखविणाऱ्या कंपनीलाही तेथील व्यापार आयोगाने आवर घातला. पेयाच्या बाटलीवर गारव्याचे थेंब म्हणून ग्लिसरीन शिंपडणे आणि सूप दाट भासावे म्हणून तळाशी गोट्या घालणे या दोन कृती तंत्रदृष्ट्या सख्ख्या बहिणी वाटल्या, तरी पहिली वातावरण निर्माण करते, आणि दुसरी मालाविषयी खोटी जबानी देते. समीक्षकाने हीच कसोटी हाती धरावी असे मला वाटते.

या कसोटीवर आपल्याकडील चित्रे घासून पाहिली असता तीन ठिकाणी हीण स्पष्ट दिसते. पहिले ठिकाण कांतीचे. 1975 मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या गोरेपणाच्या क्रीमने आणि तिच्या अनुयायांनी क्रमाक्रमाने उजळत जाणाऱ्या चेहऱ्यांची जी पट्टी रूढ केली, तिच्यातील परिणाम क्रीमइतकाच, किंबहुना अधिक, दिव्याचा आणि रंगसंस्काराचा होता. ‘आधी’च्या छबीवर प्रकाश वरून आणि कठोर, चेहरा खिन्न, ‘नंतर’च्या छबीवर प्रकाश समोरून आणि मृदू, ओठांवर हसू. 1985 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये या मालासाठी नियम केले, तेव्हा वापरापूर्वीच्या छबीतील मुद्रा दुःखी वा हताश नसावी असे तिला स्वतंत्रपणे सांगावे लागले, यावरून या क्लृप्तीचे महत्त्व कळते. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. पण काळीसावळी त्वचा ही दुरुस्त करण्याची बाब आहे असे ज्या चित्रांनी काळ्या मातीत राबणाऱ्यांच्या लेकींना 45 वर्षे पढविले, त्यांचा संस्कार नावाबरोबर जात नाही.

दुसरे ठिकाण शेतीचे. बियाण्याच्या पिशवीवरील झाड बारकाईने न्याहाळले तर कित्येकदा शेंगांचा तोच जुडगा, पानावरील त्याच ठिपक्यासह, दोन जागी डकविलेला आढळतो. बालाघाट डोंगररांगेतील हलक्या जमिनीवर, पावसाच्या लहरीवर पेरा करणाऱ्या कास्तकाराला हे चित्र पिकाच्या उताऱ्याचे आश्वासन देते, आणि खाली बारीक टाइपात ‘चित्र केवळ प्रातिनिधिक’ असे छापले की विक्रेत्याचे अंग मोकळे होते. साबणाच्या चित्राने निराशा झाली तर एका वडीचे पैसे जातात. बियाण्याच्या बाबतीत हंगाम जातो आणि त्याबरोबर सोसायटीचे कर्ज फेडण्याची उमेदही जाते. तिसरे ठिकाण शिक्षणाचे. शेजारच्या लातूरने परीक्षांच्या तयारीत नाव मिळविल्यापासून मराठवाड्यातील गावोगावचे पालक शिकवणीच्या फलकांकडे आशेने पाहतात. तेथील चेहरे बहुधा खरेच असतात. लपविले जाते ते एवढेच, की तो विद्यार्थी त्या वर्गात वर्षभर शिकला, की केवळ सराव परीक्षेपुरता आला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये अशा जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढून, यशस्वी विद्यार्थ्याची लेखी संमती घेणे आणि त्याने कोणता पाठ्यक्रम घेतला होता ते छबीसोबत नमूद करणे बंधनकारक केले, ते याच कारणासाठी. खरे छायाचित्र खोट्या संदर्भात ठेवणे हीसुद्धा एक सजावटच आहे, आणि ती कोणत्याही संगणकाच्या साहाय्यावाचून साधते.

कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड ठरविला आहे. फ्रान्सने 2017 पासून जाहिरातीतील स्त्री-पुरुषांचे अंगकाठी बदललेले फोटो तसे सांगूनच छापावेत असा दंडक घातला आणि नॉर्वेने 2022 मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. परंतु जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर यांचा चेहरा आणि आवाज यंत्राकरवी बनवून एका खेळाच्या ॲपची भलामण करणारी चित्रफीत पसरली आणि ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले, तेव्हा हे उघड झाले की आता साक्षीदाराला हजर करण्याचीदेखील गरज उरलेली नाही. अशा परिस्थितीत केवळ दंडाच्या भयाने ही कला शुद्ध होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्या कारागिरांच्याच मनात खऱ्या वस्तूविषयी आदर उत्पन्न व्हावा लागेल, आणि तसा तो उत्पन्न होण्यास आवश्यक ते सौंदर्य आपल्या अवतीभवती विपुल आहे.

याचे प्रमाण ईटच्या परिसरातच मिळते. भूम तालुक्याचा हा टापू खव्यासाठी नावाजलेला आहे, आणि येथील कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मोठ्या लोखंडी कढईत दूध उकळू लागते, कडेला धरलेली साय उलथण्याने पुनःपुन्हा आत ओढली जाते, हात क्षणभर थांबला तर तळ लागेल म्हणून भट्टीवाला जागचा हलत नाही. आणि चार-पाच लिटर दूध आटून किलोभर गोळा जमतो तो आचेच्या स्पर्शाने आलेली फिकट तांबूस झाक आणि रवाळ पोत घेऊनच जमतो. आता मिठाईच्या कोणत्याही खोक्यावरचे चित्र पाहावे : कोठल्या तरी परक्या चित्रभांडारातून उचललेला, चुन्यासारखा पांढरा, कडा तासलेला ठोकळा, वर केशराच्या चार काड्या. ज्या रंगावरून आणि रव्यावरून जाणकार गिऱ्हाईक या खव्याची खातरजमा करतो, नेमके तेच पुसून त्याची जाहिरात केली जाते. हे चित्र ग्राहकाला फसविते ही त्याची पहिली उणीव; आणि ज्याच्या मालासाठी ते केले त्या भट्टीवाल्याच्या मालाचे वेगळेपण ते नाहीसे करते, ही दुसरी आणि अधिक मोठी. उद्या दुसऱ्या कोणी मुलखाबाहेरून आणलेला भेसळीचा खवा त्याच चित्राखाली विकला, तर अस्सल कोणता हे सांगावयास त्या चित्रापाशी काहीही शिल्लक राहिलेले नसेल.

म्हणून प्रामाणिक छायाचित्र हा केवळ नीतीचा हट्ट नसून तो व्यापाराचा आणि कलेचाही हिशेब आहे. प्रकाश निवडावा, कोन निवडावा, पार्श्वभूमीचा पसारा दूर करावा, इतकेच काय, थोडा उजाळाही द्यावा. एवढे स्वातंत्र्य कलावंताचे आहे आणि ते त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ज्या गुणासाठी गिऱ्हाईक पैसे मोजणार तो गुण चित्रात जसाच्या तसा उतरला पाहिजे, हा दंडक मुंबईच्या स्टुडिओने आणि तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याने सारखाच पाळावयास हवा. आपल्याकडे कसबी हात आहेत, उत्तम यंत्रे आहेत, दाखविण्याजोगा मालही आहे. उणीव आहे ती जसे आहे तसे दाखविण्याच्या धैर्याची, आणि हे धैर्य पहिल्याने दाखविणारा व्यापारी आपल्या मालाबरोबर या कलेचीही पत परत मिळवून देईल.