न ओळखलेली माया

बारामतीचे नाव निघाले की मराठी वाचकाला कऱ्हाकाठचे मोरोपंत (१७२९-१७९४) आठवतात. पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिला आणि त्याने अवघी भारतकथा आर्यावृत्तात आणली. पंतांवर यमकांच्या हव्यासाचा आरोप जुनाच आहे, आणि तो खोटाही नाही. परंतु जो वाचक यमकापाशीच थबकतो, त्याच्या हातून कथेतील व्यथा निसटते, असे आम्हांस वाटते. आपल्यावर कोणी माया करीत आहे हे न ओळखणाऱ्या माणसांची ती व्यथा होय.

शस्त्रपरीक्षेच्या रंगणात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कुंती त्याला ओळखते आणि मूर्च्छित पडते. कर्णाला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्या कानी येतो तो केवळ कुळाचा प्रश्न. पुढे द्यूतसभेत कर्ण कठोर बोलत असता युधिष्ठिराची दृष्टी त्याच्या पायांवर जाते. ते कुंतीच्या पायांसारखे दिसतात आणि त्याचा क्रोध ओसरतो. का, ते त्याला उमगत नाही. उमगते ते युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी.

हा दोष कोणाचा? कर्णाच्या दैवाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु कर्ण मायेविषयी आंधळा नव्हता. राधेने आपले मलमूत्र काढले, हे तो कृष्णाला कृतज्ञतेने सांगतो आणि तिला अंतर देण्याचे नाकारतो. कृतीतून आलेली माया त्याने ओळखली. मनात कोंडलेली त्याला दिसावी कशी? कुंती आली ती युद्धाच्या तोंडावर, आपल्या पाच पुत्रांच्या काळजीने. म्हणूनच त्याचे उत्तर कठोर असूनही अन्यायाचे वाटत नाही. तरीही तिचे पाच पुत्र पाचच राहतील, एवढे वचन तो देतोच.

शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कुंतीला स्वमुखाने बोलू दिले. तिची माया त्यामुळे वाचकाला आधी कळते, पुत्राला फार उशिरा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरल्या भावाची गोष्ट मात्र उलट आहे. पित्याचे सर्वस्व त्याचेच होते. तरी तो स्वतःला चाकरच समजत राहिला. तेथे उणीव पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती, येथे ती न बोललेल्या शब्दांत आहे.

पंतांच्या गावची कऱ्हा नीरेस मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपुरापाशी भीमेस. कर्णाची पेटीही अशीच नदीमागून नदी करीत चंपानगरीस गेली. बारामती-इंदापूरकडील आमच्या वाचकांनी आर्याभारतातील हे प्रसंग घरी मोठ्याने वाचावेत. यमक कानी पडले की क्षणभर थांबावे, आणि ज्यांच्याशी बोलायचे राहून गेले आहे त्यांच्याशी वेळेवर बोलावे.